टचपॅड दाबला जात नाही म्हणून आलेला फोन: फुगलेल्या बॅटरीचं एक प्रकरण

हे सगळं सविस्तर लिहितोय कारण या प्रकरणात कोणीही निष्काळजीपणा केलेला नाही. घरातली माणसं वस्तू जपून वापरणारी, लॅपटॉपवर कधी पाणी सांडलं नाही, कधी तो पडला नाही. दर वेळी काहीतरी बारीक अडचण आली आणि दर वेळी त्यांनी कोणालाही सुचेल असाच उपाय केला, तरीपण शेवटी टेबलावर जे होतं ते धोकादायक होतं. माझं म्हणणं एवढंच आहे की बॅटरी फुगायला लागली की पहिली तक्रार बॅटरीची येतच नाही. ती टचपॅडची येते, झाकणाची येते, कीबोर्डची येते, आणि आपण तिथेच उपाय करत बसतो, आणि त्यातले बरेचसे उपाय म्हणजे दाबणं, जे फुगलेल्या बॅटरीला अजिबात चालत नाही.

लॅपटॉप ज्यांचा त्यांना मी काका म्हणतो. निवृत्त आहेत, भाषांतराची कामं घेतात, लॅपटॉप एकाच टेबलावर खिडकीजवळ असायचा आणि चार्जर कायम लावलेला. त्यांचा फोन आला तो असा, "अरे, ते बोटाने हलवायचं असतं ना, टचपॅड, ते दाबलंच जात नाहीये. माऊस आणलाय, काम चाललंय तसं, पण तू येऊन बघशील का कधीतरी?" मी विचारलं, "काका, लॅपटॉप टेबलावर सपाट बसतो का? की डुगडुगतो?" तर म्हणाले, "डुगडुगतो की, कधीपासूनच डुगडुगतो, मी एका कोपऱ्याखाली कागदाची घडी ठेवलीये."

या उत्तरानंतर मी टचपॅडबद्दल विचारायचं सोडलं आणि फोनवरच पुढची चौकशी सुरू केली. जे कळलं ते क्रमाने असं होतं. सगळ्यात आधी लॅपटॉप डुगडुगायला लागला, त्यांना वाटलं खालचा रबराचा पाय झिजला असेल, म्हणून कागदाची घडी. मग टचपॅड घट्ट झाला, क्लिक करायला जोर लागायला लागला, त्यांना वाटलं आत धूळ गेली, म्हणून जोरात दाबायचं. मग क्लिक पूर्ण बंद, म्हणून माऊस. मग झाकण बंद केलं तरी पुढच्या कडेला फट राहायला लागली, तर सुटीत आलेल्या नातवाला वाटलं बिजागरी सैल झाली, आणि त्याने रात्री झाकण मिटून त्यावर एक जाडजूड शब्दकोश ठेवायला सुरुवात केली, म्हणजे झाकण नीट बसेल. काकांनाही ते पटलं आणि तो शब्दकोश रोज रात्री तिथे जायला लागला.

आता यातला एकेक उपाय वेगळा घेऊन बघा, चूक म्हणता येणार नाही. रबराचा पाय खरंच झिजतो, टचपॅडखाली धूळ खरंच जाते, बिजागरी खरंच सैल होते. पण चारही गोष्टी एकाच मशीनला, एकामागून एक, काही महिन्यांत झाल्या की त्यांच्यामागे एकच कारण शोधायला हवं. बहुतेक लॅपटॉपमध्ये बॅटरी बरोबर टचपॅडच्या खाली आणि हात टेकवायच्या जागेखाली असते. ती फुगली की वर टचपॅडला ढकलते, खाली मागच्या पॅनलला ढकलते, आणि मधला भाग उंच झाल्यामुळे झाकण पुढे टेकत नाही. फोनमध्ये हेच होतं तेव्हा स्क्रीन एका कडेने उचलली जाते किंवा मागची काच सुटते, आणि लोक ती चिकटवायला गोंद शोधतात किंवा घट्ट कव्हर घालतात, मग आत फुगलेल्या बॅटरीला जागाच उरत नाही.

आणि बॅटरी लवकर उतरते ही तक्रार काकांनी का केली नाही? तर चार्जर कधी काढलाच नव्हता. क्षमता निम्मी झाली असती तरी त्यांना कळायचं कारण नव्हतं. जो माणूस दिवसभर बॅटरीवर काम करतो त्याला बॅटरी म्हातारी झाल्याचं आधी कळतं, कायम प्लगमध्ये असलेल्या मशीनवाल्याला ते थेट अशा उंचवट्यावरूनच कळतं.

आत नेमकं काय होतं हे थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय पुढचे निर्णय का घेतले ते कळणार नाही. लॅपटॉपमधली लिथियम आयन बॅटरी म्हणजे बहुतेक वेळा पातळ पाकिटासारखे सेल असतात, आत दोन इलेक्ट्रोड, म्हणजे धन आणि ऋण बाजूचे थर, मध्ये त्यांना वेगळं ठेवणारा प्लास्टिकचा सेपरेटर जो माणसाच्या केसापेक्षाही पातळ असतो, आणि सगळीकडे इलेक्ट्रोलाइट, जो पेट घेणारा द्रव आहे. सेल पूर्ण चार्ज असतो तेव्हा व्होल्टेज साधारण 4.2 व्होल्ट किंवा त्याच्या थोडं वर असतं आणि त्या अवस्थेत इलेक्ट्रोलाइटचं हळूहळू विघटन होत राहतं, उष्णता असेल तर जास्त वेगाने. त्यातून गॅस तयार होतो, कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन, इथिलीन असे, आणि पाकीट हवाबंद असल्यामुळे तो गॅस आतच साठतो, सेल उशीसारखा फुगतो. नुसता गॅस साठला म्हणून लगेच आग लागत नाही हे पण खरं आहे, अशा बॅटऱ्या कित्येकदा महिनोन्‌महिने चालत राहतात, काकांची पण चाललीच होती.

धोका वाढतो तो सेपरेटरला इजा झाली की. दोन्ही इलेक्ट्रोड एकमेकांना टेकले की तिथे शॉर्ट होतो, तो भाग तापतो, आणि साधारण 130 अंश सेल्सिअसला पॉलिएथिलीनचा सेपरेटर वितळायला लागतो, मग शॉर्ट पसरतो, आणखी तापतो, पुढे कॅथोडमधून, म्हणजे धन बाजूच्या इलेक्ट्रोडमधून, ऑक्सिजन सुटायला लागतो आणि मग ती आग बाहेरच्या हवेवर फारशी अवलंबून राहत नाही. याला थर्मल रनअवे म्हणतात. 50 वॉटअवरची लॅपटॉप बॅटरी धरली तरी तिच्यात 1,80,000 ज्यूल वीज साठलेली असते, आणि जळणाऱ्या इलेक्ट्रोलाइटची उष्णता त्याच्या वर. सेपरेटर किती नाजूक असतो ते 2016 साली सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट 7 या फोनच्या बॅटऱ्या पेटल्या तेव्हा सगळ्या जगाने पाहिलं. जानेवारी 2017 मध्ये कंपनीनेच कारणं जाहीर केली, एका पुरवठादाराच्या बॅटरीत कोपऱ्यात पुरेशी जागा नसल्याने इलेक्ट्रोड वाकत होता आणि दुसऱ्याच्या बॅटरीत वेल्डिंगचे बारीक टोकदार उंचवटे होते. कारखान्यात राहिलेला एवढासा दोष जर पुरतो तर वरून रोज ठेवलेला शब्दकोश काय करू शकतो याचा विचार करा. मला सगळ्यात जास्त भीती त्या शब्दकोशाची वाटली.

फोनवर मी काकांना पहिलं विचारलं की काही वास येतोय का, हात लावला तर गरम लागतंय का, फुसफुस असा आवाज आहे का. गोडसर, रसायनासारखा वास आला तर पाकीट फुटलंय असं समजायचं. फुसफुस किंवा धूर असेल तर मग लॅपटॉपला हात लावायचाच नाही, खोलीतून सगळ्यांनी बाहेर, दार ओढून घ्यायचं आणि अग्निशमन दलाला फोन. तो धूर विषारी असतो, इलेक्ट्रोलाइटमधल्या क्षारातून हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो, म्हणून फोटो काढायला किंवा फाईल्स वाचवायला आत थांबायचं नाही. सुदैवाने यातलं काहीच नव्हतं. वास नाही, मशीन कोमट.

मग पुढचं सांगितलं, एकेक करून, आणि प्रत्येक झाल्यावर "झालं" म्हणायला लावलं. भिंतीवरचं बटण बंद करून चार्जर काढा. उघड्या फाईल्स सेव्ह करून लॅपटॉप नेहमीसारखा बंद करा, झोपवू नका, पूर्ण बंद. झाकण मिटू नका. यावर त्यांनी लगेच विचारलं, "का? बंद केल्यावर झाकण मिटायचं नाही?" मिटायचं नाही कारण मिटताना हात आपोआप दाबतो, आणि फट दिसली की जास्तच दाबतो. मग दोन्ही हातांनी खालच्या कडांना धरून, मध्ये बोट न लावता, तो उचलून फरशीवर ठेवायला सांगितला, बाल्कनीच्या दाराजवळ सावलीत, आजूबाजूला पडदा, कागद, गादी काही नको. त्यांना आधी तो घराच्या मुख्य दाराजवळ ठेवायचा होता, म्हणजे लगेच बाहेर नेता येईल, पण मी नको म्हटलं, कारण काही झालंच तर आपल्या बाहेर पडायच्या वाटेतच आग नको. त्या खोलीत रात्री कोणी झोपायचं नाही हेही ठरलं.

इथपर्यंत काका शांतपणे ऐकत होते. खरा वाद झाला तो मी घरी गेल्यावर, डेटावरून. एका मोठ्या कामाची शेवटची काही प्रकरणं फक्त त्या लॅपटॉपवर होती आणि बॅकअप जुना होता. "एकदाच चालू करतो, तू समोर आहेस, तासाभरात सगळं पेनड्राइव्हवर घेऊ, इतके महिने काही झालं नाही तर एका तासात काय होणारे?" या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. बहुधा काही झालंही नसतं. पण मला दोन गोष्टी दिसत होत्या. एक म्हणजे फाईल्स कॉपी करताना प्रोसेसर आणि डिस्क तापतात आणि ती उष्णता त्याच बॅटरीशेजारी. दुसरी म्हणजे इतके महिने काही झालं नाही हा हिशोब शब्दकोशाच्या आधीच्या बॅटरीचा आहे, आताच्या बॅटरीच्या आत काय वाकलंय ते बाहेरून कोणालाच दिसत नाही. आणि मुळात फाईल्स बॅटरीत नसतात, त्या एसएसडीवर, म्हणजे साठवणीच्या डिस्कवर असतात, बॅटरी वेगळी काढली की एसएसडीला काहीही होत नाही. म्हणजे घाईचं कारणच नव्हतं, फक्त क्रम बदलायचा होता, आधी बॅटरी बाहेर, मग फाईल्स.

बॅटरी काढायच्या आधी ती वापरून रिकामी करावी असं सांगणारे पण लोक आहेत, आणि त्यामागचा विचार बरोबर आहे, चार्ज कमी असेल तर शॉर्ट झाल्यावर सुटणारी ऊर्जा कमी असते. सेल थोडासाच फुगलेला असेल, दाबला गेला नसेल, तर मीही तसं करायला हरकत नाही म्हणेन, समोर बसून, चार्जर न लावता. पण जिथे दाब पडल्याचं माहीत आहे तिथे मी चालू करणार नाही. हा माझा निर्णय आहे, दुसरा कोणी वेगळा घेईल.

एसएसडीबाबत एक अडचण लक्षात घेऊन ठेवली होती. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप एन्क्रिप्ट केलेली असते, विंडोजवर त्याला बिटलॉकर म्हणतात, आणि ती डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली की 48 अंकी रिकव्हरी की मागते. ही की बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमध्ये सेव्ह असते. काकांच्या फोनवरून लॉगिन करून ती शोधली आणि कागदावर लिहून घेतली. त्यांना धीर आला तो इथे, मी बॅटरीबद्दल जे काही बोललो त्याने नाही.

त्यांच्या मुलीचं म्हणणं वेगळंच होतं. काका पुढच्या आठवड्यात विमानाने तिच्याकडे जाणार होते, तर लॅपटॉप सोबत घेऊन ये, इथे ओळखीचा माणूस आहे. हे स्पष्ट नाही म्हणावं लागलं. धडधाकट लॅपटॉप हातातल्या बॅगेत चालतो, 100 वॉटअवरपर्यंतच्या बॅटरीला परवानगीही लागत नाही, 100 ते 160 पर्यंत विमान कंपनीची मंजुरी लागते. पण फुगलेली, फुटलेली किंवा कंपनीने परत बोलावलेली बॅटरी विमानात नेता येत नाही, ना हातात ना चेक-इनच्या बॅगेत. कुरियरचाही विचार निघाला होता, तोही याच कारणाने सोडला, खराब लिथियम बॅटरी हवाई मालातून पाठवायला मनाई आहे, आणि पार्सल कुठल्या वाटेने जाणार, त्यावर काय रचलं जाणार हे आपल्या हातात नसतं. तिला हे सांगितल्यावर तिने एकदम ऐकलं, तिला वाटत होतं फक्त टचपॅडचा प्रश्न आहे.

शेवटी बॅटरी काढली ती रोज हेच काम करणाऱ्या एका तंत्रज्ञाने. लॅपटॉप गाडीतून नेताना तो पुठ्ठ्याच्या नाही तर पत्र्याच्या उघड्या ट्रेमध्ये ठेवला, मांडीवर नाही, डिकीत सामानाखाली नाही. घरी स्क्रू उघडून बघायचा मोह मलाही होता, पण आत बॅटरी गोंदाने किंवा चिकटपट्टीने बसवलेली असते आणि फुगलेला सेल उचकटताना पाकिटाला टोक लागलं की झालं. त्याने कसं केलं ते बघण्यासारखं होतं. मागच्या पॅनलचे स्क्रू एका बाजूचे सगळे आधी न काढता सगळीकडचे थोडे थोडे सैल केले, म्हणजे पॅनल एकदम उसळू नये. उघडल्याबरोबर आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवला. मग प्लास्टिकची चपटी पट्टी वापरून, धातूचं काही न लावता, अगदी सावकाश सेल मोकळे केले. तीनपैकी मधला सेल सगळ्यात जास्त फुगला होता, आणि त्याच्या एका कडेला सरळ चीर पडल्यासारखी दाबाची खूण होती, पाकीट फुटलेलं नव्हतं. ती खूण बघून काका काही बोलले नाहीत, फक्त चष्मा काढून परत लावला. कनेक्टरच्या तोंडावर टेप लावून बॅटरी कोरड्या वाळूच्या पत्र्याच्या डब्यात गेली आणि तिथून बॅटऱ्या गोळा करणाऱ्या केंद्राकडे. घरच्या कचऱ्यात ती टाकायची नसतेच, कचऱ्याच्या गाडीत सगळं दाबलं जातं आणि तिथे अशा बॅटऱ्यांनी आगी लागतात.

बॅटरी नसताना मशीन नुसत्या चार्जरवर चालू झालं, सगळेच होत नाहीत पण हे झालं, त्यामुळे ती 48 अंकी की लागलीच नाही. फाईल्स तिथेच कॉपी केल्या. आणि टचपॅड? बॅटरी निघाल्याबरोबर क्लिक व्हायला लागला, त्याला काहीच झालं नव्हतं.

कारणं शोधताना पहिला संशय चार्जरवर गेला, कारण मूळ चार्जर बदलून दुसरा घेतलेला होता. मला ते पटत नाही. लॅपटॉपमध्ये सेलला किती व्होल्टेज द्यायचं हे आतलं चार्जिंग सर्किट ठरवतं, बाहेरचा ॲडॉप्टर नाही. वाईट ॲडॉप्टरचे धोके वेगळे आहेत, झटका, जळणं, पण सेल हळूहळू फुगण्याचं कारण म्हणून मी त्याला शेवटी ठेवीन. माझ्या मते कारण दोन गोष्टी एकत्र येणं हेच आहे, वर्षानुवर्षं 100 टक्के चार्जवर आणि तेही गरम जागेत. टेबल खिडकीपाशी, दुपारचं ऊन थेट कीबोर्डवर, आणि उघडल्यावर पंख्याच्या जाळीत धुळीचा जाड थर निघाला. त्यात बॅटरीचं वय. चार्जर लावून ठेवणं एकटं इतकं वाईट नाही, उष्णतेसोबत मात्र वाईट.

नवीन बॅटरी टाकल्यावर कंपनीच्याच सेटिंगमधून चार्जची मर्यादा 80 टक्क्यांवर ठेवली. टेबल खिडकीपासून हलवलं, जाळी साफ केली. काकांना ही मर्यादा आवडली नाही, पैसे शंभर टक्के बॅटरीचे दिले आणि वापरायची ऐंशीच का, म्हणाले, आणि प्रवासाच्या आदल्या रात्री ती काढायची आणि परतल्यावर पुन्हा लावायची असं ठरलं.

जाता जाता घरातली बाकीची यंत्रं पण बघितली, आणि ते केलं ते फार बरं झालं. कपाटाच्या ड्रॉवरमध्ये एक जुना टॅबलेट होता, कित्येक वर्षं न वापरलेला, त्याची स्क्रीन एका बाजूने उचललेली. इथे कारण उलटं. पडून राहिलेली बॅटरी स्वतःच हळूहळू उतरत जाते, व्होल्टेज फारच खाली गेलं की आतल्या तांब्याच्या पत्र्यातलं तांबं विरघळायला लागतं, आणि मग कोणीतरी अचानक आठवण येऊन तो चार्जिंगला लावतं तेव्हा तेच तांबं नको तिथे जमा होऊन शॉर्ट होऊ शकतो. नातवाला तो गेमसाठी हवा होता आणि चार्जरची वायर तो शोधतच होता. वर्षानुवर्षं बाजूला ठेवायचं यंत्र साधारण अर्धं चार्ज करून, बंद करून, थंड जागी ठेवायचं आणि सहा महिन्यांनी बघायचं, हे मी त्याला समजावून सांगितलं, म्हातारपणी उपयोगी पडेल असं काही नाही, आत्ताच त्याच्याकडे बंद पडलेले दोन हेडफोन आहेत.

काकूंनी विचारलं, समजा पेटलंच असतं तर पाणी टाकायचं की नाही, विजेच्या वस्तूवर पाणी टाकू नये म्हणतात ना. म्हटलं, भिंतीवरचा प्लग बंद असेल तर फोन किंवा लॅपटॉपच्या बॅटरीवर पाणीच टाकायचं, भरपूर, कारण काम आहे ते सेल थंड करायचं. कोरड्या पावडरने ज्वाळा विझतात पण शेजारचा सेल तापलेलाच राहतो आणि थोड्या वेळाने, कधीकधी काही तासांनीसुद्धा, परत पेटतो. घोंगडी टाकून झाकायचं नाही, उष्णता आत कोंडते. आणि धूर वाढला, एका बादलीत आवरणार नाही असं वाटलं, तर पाणीही नाही, बाहेर. त्यांनी विचारलं, किती बादल्या झाल्यावर सोडायचं. मी म्हटलं, काकू, दुसरी भरायला जायची वेळ आली तर भरायला नको, जिन्याकडे जा.

टॅबलेट त्याच तंत्रज्ञाकडे गेला. त्यात नातवाच्या लहानपणीचे फोटो आहेत, आणि बॅटरी बदलून ते निघतात का हे तो अजून बघतोय.